शेवंतीची झोप

मास्तरांच्या तळघरातल्या खोलीत ऊन असं कधी आलंच नाही. लोकांचे कपडे आखूड-लांब करून देणारा माणूस, त्याला ऊन काय करायचंय? पण बायकोला शेवंतीचं वेड. तिने शिलाई मशीनच्या वर फळी ठोकून घेतली, फळीवर कुंडी ठेवली आणि कुंडीवर पांढरी ट्यूब लावली. दरवर्षी पिवळीधमक फुलं यायची. पँटचे पाय उसवता उसवता मास्तर कुरकुरायचे, "माझ्यापेक्षा हिचेच लाड जास्त."

संध्याकाळ झाली की ती खटकन ट्यूब बंद करायची. "बिचारीला झोपू द्या आता."

"बिल वाचवायचं तुला, आणि नाव शेवंतीचं. चिक्कट कुठली!"

मग दोघं दाराबाहेरच्या पायरीवर गप्पा मारत बसायची.

ती गेली, आणि मास्तरांनी ट्यूब बंद करणंच सोडलं. अंधारी खोली त्यांना खायला उठायची. उजेड असला की घरात कोणीतरी आहे असं वाटायचं. शेवंती मात्र नुसती माजली. पानंच पानं, कळीचा पत्ता नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा मास्तर घाबरले. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. ते पुन्हा एकदा तरी फुललेलं त्यांना बघायचं होतं.

शेवटी कुंडी उचलून ते नर्सरीवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी पानं उलटसुलट करून पाहिली.

"झाड ठणठणीत आहे, मास्तर. लाइट बंद कधी करता?"

"बंद? कशाला?"

"अहो, रात्रभर अंधार मिळाल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही. तिला झोपू द्यायचं."

मास्तर कुंडी पोटाशी धरून तिथेच उभे राहिले.

त्या दिवसापासून ते उजेडीच जेवण उरकायचे, ट्यूब मालवायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. खोली एकच, दुसरा दिवा लावायची सोय नाही. पायरीवर एकट्याने बसवत नव्हतं. पहिले काही दिवस त्यांना रडूच यायचं. मग चाळा म्हणून ते अंधारातच शेवंतीचे शेंडे चाचपू लागले.

एका संध्याकाळी टिचबटणाएवढं काहीतरी टणक बोटाला लागलं. उजेडात बघायचा मोह अनावर झाला. हात ट्यूबच्या बटणापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

"चिक्कट म्हणायचो गं तुला," मास्तर अंधारात म्हणाले, आणि उत्तराची वाट बघत बसले.