ओवीने बाबाला झाडाखाली ठेवलं

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे, नवस सगळं बंद. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. तरी हे लिहितेय... कारण जे झालं ते भरदुपारी, माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मी नागपूरला, जरीपटक्यातल्या एका नर्सरीत शिकवते. मुलांसाठी कॉम्प्युटर गेम निवडायचं काम माझ्याकडे आहे. जाहिराती नकोत, घाई करणारं घड्याळ नको, चुकलं की भोंगा नको — एवढं बघते, आणि आधी घरी ओवीसोबत खेळून पाहते. ओवी माझ्या भावाची मुलगी, तेव्हा चार वर्षांची.

त्या दिवशीचा गेम साधाच. घर, अंगण, झाड. आई-बाबा-आजीची चित्रं माऊसने उचलून आत, बाहेर, वर, खाली ठेवायची. वहिनी ड्युटीवर होती. दादाचं मसाल्याचं दुकान, तो बाईकने भिवापूरला मिरची बघायला गेलेला.

ओवीने आई आत ठेवली, आजी आत ठेवली. बाबा झाडाखाली — आडवा.

"बाबाले पण आत आण ना वं," मी म्हटलं.

"येत नाही तो."

मी माऊस घेतला. आई हलत होती, आजी हलत होती, बाबा हलेना. वाटलं, हँग झालं असेल.

"झोपला का तो?"

ओवी स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "झोपला नाही. लोकायले वाटते झोपला."

मी माऊस सोडून उठले. दादाला फोन लावला. त्याने उचलला.

"कुठं आहेस गा?"

"उमरेडच्या पुढं. जीव घाबरून राहिला जरा, म्हणून झाडाखाली टेकलो. ऊन लागलं असंन."

"दादा, कोणाले तरी आवाज दे. दवाखान्यात जा."

"काहून घाबरून राहिली वं? समोर पानठेला आहे, माणसं आहेत. जरासा पडतो अन् निघतो."

त्यानंतर परत परत लावला, तर नुसती रिंग जात राहिली...

ओवीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि त्यांच्याच कारने निघाले. पोहोचले तेव्हा दादा कडुनिंबाखाली आडवा होता. बाईक स्टँडवर, हेल्मेट उशाशी. मी पोहोचायच्या आधीच तो गेला होता; हार्ट अटॅक, नंतर डॉक्टर म्हणाले. पानठेलेवाला हात जोडून उभा होता. "ताई, आमाले वाटलं झोपले. म्हणून उठवलं नाही."

नंतर तो गेम मी कितीदा तरी उघडला. त्यात कुठलंच चित्र आडवं होत नाही. बनवणाऱ्यांना विचारलं, तर तशी सोयच दिलेली नाही म्हणाले. माझी नजर चुकली असेल, योगायोग असेल... दोन्ही म्हणून पाहिलं. पण ओवीचं ते वाक्य मी या कानांनी ऐकलं, त्याचं काय करू?

ओवी आता पहिलीत आहे. परवा भांडी लावता लावता वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या ध्यानात आलं का... हिनं मले अजून एकदाही नाही विचारलं, बाबा कधी येईल म्हणून."