शांताबाईंनी सांभाळलेली पाठ

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी पेणहून सुनीलचा फोन आला. “आई गेली, काका,” एवढंच म्हणाला. मी तेव्हा बायकोच्या पाठीवरची जखम धूत होतो. हात ओले होते, फोन खांद्यात धरलेला. मी ‘बरं’ म्हणालो आणि कापूस उचलला. माणूस गेल्याचं कळल्यावर कोणी ‘बरं’ म्हणतं का? पण त्या घटकेला तोंडातून तेवढंच आलं...

सुनीलची आई म्हणजे शांताबाई. रोह्याला आमच्या घरी त्या पाच वर्षं येत होत्या. माझी बायको सुनंदा पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, बोलणं गेलं, ओळख गेली. मी तेव्हा कंपनीतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि साधा चहाही मला धड जमत नव्हता. नदीपलीकडच्या अष्टमीहून पूल ओलांडून चालत सकाळी सात वाजता शांताबाई हजर होत. त्या ख्रिस्ती. माहेर पेणचं, वडील तिथल्या एका दवाखान्यात जखमा धुऊन बांधणारे ड्रेसर. रुग्णाला कसं उचलायचं, कसं वळवायचं, हे त्या लहानपणीच वडिलांच्या हाताखाली शिकल्या होत्या. रविवारी मात्र प्रार्थना आटोपून येत. नाताळलाही दुपारी करंज्यांचा डबा घेऊन यायच्याच, आणि सुनंदाच्या जिभेवर त्यातलं थोडंसं सारण ठेवायच्या.

काम सुरू करण्याआधी त्या डोळे मिटून मिनिटभर पलंगापाशी उभ्या राहत. माझा स्वभाव मुळात खवचट. एकदा म्हणालो, प्रार्थनेने पाठ सांभाळली जात असेल तर पावडर कशाला आणायची? त्यांनी शांतपणे सांगितलं, की पावडरपण लागते, दादा, आणि कालच संपलीय. मी मुकाट्याने दुकानात गेलो.

दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही. रात्रीचं मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे कसंबसं निभावत असे. पाच वर्षांत सुनंदाच्या पाठीला साधा लाल डागही पडला नाही. तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी पाठ बघत आणि मग शांताबाईंकडे बघत. शिवाय रोज तेल लावून वेणी. मी म्हणायचो, केस कापून टाका, त्रास वाचेल, हिला बघायला येतंय कोण? एक दिवस त्यांनी फणी खाली ठेवली.

“दादा, मी वहिनींचं करते, पण नुसतं वहिनींचंच नाय करत.”

त्यांचा विश्वास असा, की अंथरुणावरच्या माणसाचं जे करावं ते त्यांच्या प्रभूला पोचतं, आणि त्याला पोचलेलं कधी वाया जात नाही. मला ते पटत नव्हतं. पण सोयीचं होतं. हे आज लिहायलाच हवं. त्यांच्या श्रद्धेवर माझं घर चाललं होतं आणि मी वर तिची थट्टा करत होतो. कामापुरता मामा म्हणतात तो मीच.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या लक्षात आलं, की सुनंदाला उचलताना शांताबाई एक हात स्वतःच्या पोटाशी दाबतात. वळवून झालं की भिंतीला टेकतात. डबा तसाच परत नेतात. दोन महिने मी हे बघत होतो. विचारलं तर त्या रजा मागतील, आणि मग सुनंदाचं कोण करणार? मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. एका सकाळी त्या पलंगाजवळ फरशीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना. पोटात गाठ होती, फार वाढलेली. सुनील त्यांना पेणला आपल्या घरी घेऊन गेला.

मग बाया आल्या आणि गेल्या. एक जवळच्या वरसे गावची होती, ती आठवडाभर टिकली. दुसरी सतत मोबाइलवर. मीही रात्री उठायचा कंटाळा करू लागलो. तीन आठवड्यांत माकडहाडावर बेडसोर झाला, पडून पडून होते ती जखम, बोट जाईल एवढी.

त्याच आठवड्यात त्या मोबाइलवाल्या बाईला सुनंदापाशी बसवून मी पेणला गेलो. शांताबाई खाटेवर होत्या, अर्ध्या झालेल्या. माझी विचारपूस नाही, स्वतःचं रडगाणं नाही. वहिनींची पाठ कशी हाय, हेच पहिलं. खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो, जमलं नाही. जखमेचं सांगितलं आणि म्हणालो, तुमची पाच वर्षांची मेहनत मी तीन आठवड्यांत मातीत घातली.

त्यांनी डोळे मिटले.

“पाठ बिघडली, दादा. काम नाय बिघडलं. ते मी वहिनींच्या पाठीवर ठेवलंच नव्हतं.” मग जरा दम घेऊन म्हणाल्या, “पण त्यांना दुखत असंल. आता दुसरी बाई शोधू नका. तुम्हीच वळवा.”

निघताना न राहवून मी कबूल केलं, की तुमचं दुखणं मला दिसत होतं.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बघायचात, ते मीपण बघायची.”

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“तुम्ही विचारलं नाय.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. आठ दिवसांनी त्या गेल्या. बाई मी तोवर सोडून दिली होती; सुनंदाला एकटं टाकून जाता येईना, म्हणून मातीलाही मी पोचलो नाही.

जखम अजून भरलेली नाही. डॉक्टर म्हणतात, भरेल असं सांगता येत नाही. दिवसाचं आणि रात्रीचं सगळं आता मीच करतो. प्रार्थना मला येत नाही, केलेलं कुणाला पोचतं की नाही तेही ठाऊक नाही. फक्त सुनंदाच्या पाठीखाली हात घातला की थांबतो आणि विचारतो, “दुखतंय का?” ती सांगू शकत नाही. ज्यांना सांगता आलं असतं, त्या शांताबाईंना मी दोन महिने विचारलं नाही. म्हणून सुनंदाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. कपाळाला आठी पडली, की हात काढून घेतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा धरतो.