जिजा भाव खोडत नाही

जिजा घरत हिला काम सांगावं, शहाणपण सांगू नये, हे वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या गाळ्यांच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक आहे. बाई पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवलेला, डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा. ग्राइंडरपुढे बसली की ठिणग्या उडतात आणि दारातलं गिऱ्हाईक आपोआप मागे सरतं. ती भांडायला उभी राहिली तरी तसंच होतं.

गाळा मुळात नवऱ्याचा. आसपासच्या कारखान्यांच्या कटरांना शत्रुघ्न तिथे धार लावून द्यायचा. लोखंडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली आणि एक दिवस डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा ग्राइंडरपुढे बसलात तर माझ्याकडे येऊ नका. भावकीने सुचवलं, गाळा भाड्याने द्या. जिजाने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रुघ्नचा डबा स्वतःच उचलून ती गाळ्यावर गेली. बायकांनी नाकं मुरडली. बाईमाणसाने लोखंड काय घासायचं? "भात कापताना विळा माझ्याच हातात असतो ना, तेव्हा कोनाच्या पोटात दुखत नाय," असं म्हणून तिने विषय संपवला. काम तिला येत होतं. लग्न झाल्यापासून नवऱ्याशेजारी बसून तिने ते डोळ्यांनी उचललं होतं, फक्त कुणी तिला विचारलं नव्हतं.

जुन्या चाकूंचा नाद मात्र तिचा स्वतःचा. एका भंगारवाल्याकडे तिला घडीचा एक चाकू दिसला, गंजून मिटलेला, उघडेना. तिने तो तेलात भिजवला, खीळ बदलली, शिंगाच्या मुठीला पॉलिश केलं. मुलीने, रीमाने, त्याचा फोटो काढून जुने चाकू जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकला आणि जेवणं उरकायच्या आत तो विकलाही गेला. अशा वस्तूंवर जीव टाकणारी माणसं जगात असतात हे जिजाला तोवर माहीत नव्हतं. शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं. ती या चाकूने कांदासुद्धा चिरत नाहीत. मखमलीवर ठेवतात, रविवारी तेल लावतात आणि एकमेकांना फोटो पाठवून झुरतात. जिजाला हसू आलं, पण चूल त्या हसण्यावर पेटत होती. कारखान्यांची कामं कमी होत गेली आणि घराचा बराचसा भार या ग्रुपवर आला.

ग्रुप चालवायचा हर्षवर्धन. वसईत फ्लॅट, मुंबईत मोठी नोकरी, बोलणं गोड. त्याच्या ग्रुपचा एक नियम होता. वस्तू विकली गेली की किंमत खोडायची आणि तिथे 'गेला' एवढंच लिहायचं. फोटो राहतो, वर्णन राहतं, भाव नाहीसा होतो. सगळे तो नियम निमूट पाळायचे. जिजा 'गेला' असं लिहायची आणि भाव तसाच ठेवायची.

यामागे तिचं एक जुनं दुखणं होतं. तिचा बाप खाडीकाठचा शेतकरी. बैल विकायला तो बाजारात गेला की लहानगी जिजा बरोबर असायची. तिथे दलाल बापाचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडाने चकार शब्द नाही. शेजारच्या माणसाच्या बैलाला काय मिळालं ते बापाला कधी कळलं नाही, आणि बापाला काय मिळालं ते शेजाऱ्याला. घरी येताना दोघेही आपण नाडलो गेलो अशा चेहऱ्याने चालायचे. फक्त दलालाला सगळ्यांचे भाव पाठ असायचे. त्या रुमालाचा राग जिजाच्या मनातून कधी गेला नाही. हर्षवर्धनचा नियम तिला तोच रुमाल वाटला.

एका संध्याकाळी हर्षवर्धन स्वतः गाळ्यावर आला. शत्रुघ्न दारात खुर्चीवर बसला होता, त्याने लगबगीने स्टूल पुसून दिलं.

"जिजाताई, किती वेळा सांगायचं?" हर्षवर्धनने सुरुवात केली. "वस्तू गेली की प्राइस काढून टाकायची. रूल आहे."

"कोनाचा?"

"ग्रुपचा. बघा, तुम्ही तो पितळी मुठीचा चाकू एका कॉलेजच्या मुलाला स्वस्तात दिलात. चांगलं केलंत. पण आता मी तसला चाकू विकायला काढला की लोक मला तुमच्या पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवतात. माझ्याकडचा पीस तुमच्यापेक्षा चांगला, तरी कोणी वर चढायला तयार नाही."

"तुमचा चांगला हाय तर तसं पटवून द्या ना लोकांना. माझा भाव झाकून तुमचा चाकू चांगला होतो काय?"

"आणि घेणाऱ्यांचं काय? आपल्या एका मेंबरने मिसेसला सांगितलं होतं, चाकू दोनशे रुपयांना मिळाला. त्यांनी तुमची पोस्ट वाचली. घरात महाभारत झालं."

शत्रुघ्नला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. जिजा हसली नाही. "बायकोशी खोटं तो बोलला. मी नाय बोलली."

"ताई, भाव हा घेणारा आणि देणारा, दोघांमधला असतो. सगळ्या जगाला कशाला?"

खरं सांगायचं तर हर्षवर्धनचं सगळंच काही खोटं नव्हतं. जिजालाही तोटा झालाच होता. त्या कॉलेजच्या मुलाच्या भावात सगळ्यांनाच चाकू हवे होते, आणि नाही म्हणून म्हणून तिचं तोंड दुखलं होतं. पण कुणी दम भरला की जिजाचा पाय आणखी रुतायचा. "दोघांमधला भाव मी लय बघितलाय," ती म्हणाली. "मी नाय खोडनार."

हर्षवर्धन उठला. गोड बोलणं स्टुलावरच राहिलं. "उद्या दुपारपर्यंत सगळ्या जुन्या किमती काढा. नाहीतर मला तुम्हाला ग्रुपमधून काढावं लागेल."

तो गेल्यावर शत्रुघ्न स्टूल उचलून आत आला. मग म्हणाला, "आकडाच तो. खोडलास तर काय जातंय? ग्रुप गेला तर खायचं काय?" जिजाने ग्राइंडर चालू केला, म्हणजे बोलायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात स्कूटर थांबली. निर्मळ गावची रेजिना होती. तिची केळीची आणि फुलांची वाडी. वाडीतले कोयते ती वर्षानुवर्षं या गाळ्यावरच आणायची. घरी ती आपली बोली बोलायची, जिजाशी साधी मराठी. एरवी स्कूटर लावायच्या आधीच तिचं बोलणं सुरू व्हायचं. आज ती गप्प आत आली आणि मोबाइल जिजाच्या चष्म्यासमोर धरला.

"हा माझ्या बाबाचा चाकू."

होताच. रेजिनाचा बाप सॅन्टन जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेला तो चाकू त्याच्या मागे माळ्यावर गंजत पडला होता. जिजाने तो मागितला तेव्हा रेजिना म्हणाली होती, "दे काय ते. आपल्यात काय भाव करायचा?" आणि जिजानेही भाव केला नव्हता.

"नऊ हजार लिहिलंय इथे," रेजिना म्हणाली. "माझ्या भाचीने दाखवलं. मला किती दिलेस?"

"दीड."

"आणि वर मी तुला केळ्यांची फणी दिली!"

"रेजिना, तो उघडत नव्हता. आतली पट्टी मोडलेली, ती मी घरी घडवली. गंज काढता काढता माझी बोटं…"

"कामाचे घे ना! कोण नको म्हणतंय? दुप्पट घे. पण मला का नाही सांगितलंस, याला बाहेर काय येतं ते? तुला माहीत होतं, मला नव्हतं. मी मैत्रीण म्हणून गप्प बसले, तू कशाला गप्प बसलीस?"

जिजाला तोंडात मारल्यासारखं झालं. दलाल, रुमाल, बापाचा पडलेला चेहरा, आयुष्यभर ज्याच्यावर ती चिडत आली ते सगळं तिने स्वतःच केलं होतं, आणि तेही हसतखेळत, केळी खात. तिला भयंकर लाज वाटली. लाज वाटली की तिला राग येतो, तसा तो आलाही, पण तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

बाकावर तिचा फोन वाजला. हर्षवर्धनचा निरोप होता, दुपार झाली. शत्रुघ्न दारातून हळूच म्हणाला, "बघितलंस गो? याच्यासाठीच खोडतात लोक. काल खोडला असतास तर हिला कळलंही नसतं."

तो बायकोच्या काळजीने बोलला, पण जिजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किंमत घेणाऱ्याच्या बायकोपासून लपवायची नसते. ती रेजिनापासून लपवायची असते. ज्याच्या माळ्यावरून वस्तू आली, त्याला तिचं मोल कळू नये म्हणून. हर्षवर्धनच्या मखमलीवरचे चाकू असेच कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून आले होते.

"हां, नसतं कळलं," जिजा म्हणाली, "म्हनून तर खोडायचा नाय." तिने बोटं शर्टाला पुसली आणि फोन उचलला. रेजिना बघत होती. जिजाने एकेक अक्षर शोधत त्या चाकूखाली लिहिलं: निर्मळच्या रेजिनाकडून दीड हजाराला घेतला. तिला बाहेरचा भाव सांगितला नाही. दुरुस्ती माझी. नऊ हजाराला विकला.

"हे काय करतेस?" शत्रुघ्न खुर्चीतून उठला.

"आतापत्तूर अर्धाच भाव दाखवत होते. आता पुरा दाखवते."

मग ती मागे मागे जात राहिली. भंगारवाल्याकडून इतक्याला घेतला, इतक्याला विकला. एका म्हातारीकडून घेतला, एका शिंप्याकडून घेतला. चार-पाच चाकू झाले आणि पुढचं वाक्य जाईना. तिने पुन्हा बोट दाबलं. ग्रुपच दिसेनासा झाला होता.

"काढला मना ग्रुपमधून," ती म्हणाली. फोन तिने बाकावर पालथा ठेवला.

रेजिनाचा राग गेला नव्हता, तसा तो एवढ्याने जाणाराही नव्हता. तिने पिशवीत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून बाकावर ठेवलं. चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही, खाली ठेवतो, दुसऱ्याने उचलायचा. जिजाने उचलला. सॅन्टनचा दुसरा चाकू, मुठीला पितळेचं टोपण असलेला.

"सहा हजार," रेजिना म्हणाली. "आता मला भाव माहीत आहे."

जिजाने पातं उजेडात धरलं. गंजाने खड्डे पडले होते. "चार."

"नऊ वाचलंय मी."

"त्या नवात माझे हात पन हायेत. हा त्याच्यापेक्षा खराब हाय, नीट बघ."

रेजिनाने नीट बघितलं. मग दोघी भांडल्या, मन लावून, चढ्या आवाजात, आणि पाच हजारांवर आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकींशी केलेला हा पहिला सौदा. जिजाने पैसे मोजून दिले. रेजिनाने ते पुन्हा मोजले.

स्कूटर गेली तशी जिजाने लोखंडावर खुणा करायचा खडू घेतला आणि गाळ्याच्या शटरवर बाहेरच्या बाजूने लिहिलं: सॅन्टनचा चाकू. ५ हजाराला घेतला. विकला की तोही भाव इथेच लिहीन. आजूबाजूचे गाळेवाले बाहेर येऊन वाचू लागले. कुणीतरी हसलं. जिजाने वळून त्याच्याकडे बघितलं आणि ते हसणं थांबलं.

शत्रुघ्न रस्त्यावर जाऊन उभा राहिला, डोळे बारीक करून शटरकडे बघत. आता हा कपाळ बडवणार, असं जिजाला वाटलं. तो परत आला आणि तिच्या हातातला खडू त्याने काढून घेतला.

"लय बारीक लिहिलंयस," तो म्हणाला. "पलीकडून कोनाला दिसनार?" आणि दम लागला तेव्हा थांबत, पुन्हा हात उचलत, त्याने तो पाचाचा आकडा गिरवून गिरवून वीतभर मोठा केला.