मारेकरणीचं पान

तिला लोक मारेकरीण म्हणत, आणि पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर म्हणत. पहिल्यांदा म्हणणारा गृहस्थ पोट सुटलेला होता. चाहत्यांच्या मेळाव्यासाठी म्हणून छातीवर सातही वीर छापलेला टी-शर्ट घालून आलेला. पोटामुळे खालचे दोन वीर पार ताणून गेले होते. तिच्या टेबलासमोर उभं राहून त्याने तिला खालवर न्याहाळलं आणि विचारलं, "पहाडला मारणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"मीच," ती म्हणाली. "सही हवीय?"

सही नको होती. गृहस्थ तणतणत निघून गेला, पण जाताजाता जो शब्द टाकून गेला तो तिला चिकटला तो चिकटलाच.

'सातजण' हे कॉमिक तिच्या जन्माच्याही आधीपासून निघतंय. महिन्याला एक अंक, सात वीर, आणि जगावर दर महिन्याला न चुकता येणारं एक संकट. लहानपणी ज्यांनी ते वाचायला घेतलं त्यांचे केस पिकले तरी त्यांच्या हातून ते सुटेना. या मंडळींना गोष्ट कोण लिहितं याचं सोयरसुतक नसतं. ते भांडतात चित्रकारांवरून. थोरल्यांचे भक्त एकीकडे आणि चमकचे भक्त दुसरीकडे. थोरले म्हणजे ज्यांनी या सात जणांना पहिल्यांदा कागदावर उभं केलं ते. त्यांची रेघ इतकी स्वच्छ की बघणाऱ्याला वाटावं, हे तर मलाही जमेल. आणि चमक म्हणजे हल्लीचा गडी. त्याच्या चित्रात प्रत्येकाच्या दंडावर तेल चोपडल्यासारखा उजेड पडतो आणि म्हाताऱ्या खलनायकाच्या पोटालासुद्धा स्नायूंच्या सहा घड्या असतात. दोन्ही गटांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाच बाबतीत त्यांचं एकमत होतं: थोरले गेल्यापासून चमक येईपर्यंत मधली सगळी वर्षं जिने काढली, ती बाई त्यांना नको होती.

मेळाव्याची एक रीत होती. भाड्याच्या सभागृहात भिंतीकडेने टेबलं मांडायची, प्रत्येक चित्रकाराच्या नावाची एक काचेची बरणी ठेवायची, आणि येणाऱ्याने आपल्या आवडत्या चित्रकाराच्या बरणीत पेन्सिलीचं थोटूक टाकायचं. थोटूकच हवं, कोरी पेन्सिल चालत नसे. ज्याने कधी स्वतः काही गिरवलंच नाही त्याने मत कशाला द्यावं, असा हिशेब. थोरल्यांची बरणी दुपारच्या आत गळ्यापर्यंत भरायची. चमकची भरून टेबलावर सांडायची. आमच्या बाईंच्या बरणीत आजवर एकच थोटूक पडलं होतं. तेही एका मुलीने गर्दीत चुकून टाकलं, आणि मग लाजत लाजत परत मागितलं. बाईंनी बरणी उलटी करून ते तिच्या हातावर ठेवलं.

तरी ही दरवर्षी जायची. थोरली बहीण औषधाच्या दुकानात काम करायची, दोघी एकत्र राहायच्या. ताई दरवर्षी तिला तेच सांगायची. "अगं, जिथे कुणी विचारत नाही तिथे कशाला जाऊन बसायचं? घरी बस, पाय सुजतात तुझे."

"कौतुकाला कोण जातंय? माझी बरणी असते तिथे. रिकामी आहे म्हणून काय टाकून देऊ?"

आता पहाडचं काय झालं ते सांगायला हवं. सातांमधला तो सगळ्यात आडदांड आणि सगळ्यात गरीब स्वभावाचा. उडता येत नाही, हातातून आग निघत नाही. फक्त समोर काहीही आलं की इतरांच्या पुढे जाऊन उभा राहायचा. लोकांचा जीव होता त्याच्यावर. लेखकाला एके दिवशी लहर आली आणि त्याने कथेच्या कागदावर लिहून पाठवलं: 'पूर्ण पान. पहाड मरतो.' बस्स, एवढंच. लिहिणाऱ्याचं काय जातंय? मारून तो जेवायला गेला.

इकडे तिच्या घरातून माणूस जाऊन दोन महिने होत होते. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी अर्धी रंगवून झालेली असताना शिडी सरकली. निरोप आला तेव्हा दोघी बहिणी धावत गेल्या, आणि रुग्णवाहिकेच्या आधी पोचल्या. बाबा फुटपाथवर पडले होते. तोंड उघडं. एक तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली, मध्ये ब्रशाएवढी जागा. एका पायातला बूट दूर उडालेला आणि मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर. ते भोक शिवू का, म्हणून ताईने कितीदा विचारलं असेल. बाबा म्हणायचे, बुटात कोण बघतंय.

खिडकीखालच्या टेबलावर कागद ताणून तिने पहाड काढायला घेतला तेव्हा तिच्या मनात बाबा नव्हते. म्हणजे, असं तिला वाटत होतं. पेन्सिलीने अंग आलं, छाती आली, आणि मग टाक शाईत बुडवून तिने तोंड काढलं ते उघडं. हात काढला तो तसाच. बूट लांब पडला. मोज्याला भोक पडलं. शाई वाळली तेव्हा ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मग तोंड धुऊन पान पाकिटात घातलं. छपाईची वेळ गळ्याशी आली होती, त्यामुळे कुणी न बघताच ते छापलं गेलं.

आणि मग जो गहजब झाला! कॉमिकातला वीर मरणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. सहा महिन्यांनी तो परत येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्यासाठी मरताना त्याने नीट मरावं लागतं: केस जागेवर, डोळे मिटलेले, अंगावरचा झगा छान पसरलेला. कुठेतरी फट ठेवावी लागते. हिने फट ठेवलीच नव्हती. पहाडसारख्या वीराच्या मोज्याला भोक? लोक खवळले, दुखावले, आणि त्यांनी त्या मरणावर शंभर टक्के विश्वास ठेवला. पुढे लेखकांनी त्याला दोनदा उठवून पाहिलं. एकदा त्याचा जुळा भाऊ निघाला, एकदा तो कुठल्या गुहेतून चालत आला. वाचक म्हणाले, हा कोण? आमचा पहाड गेला, आम्ही बघितलाय. दोन्ही वेळा अंकांचे गठ्ठे परत आले. नाव 'सातजण' आणि मोजायला जावं तर सहाच, असं ते कॉमिक चालू राहिलं. बाईंना शिव्या दोन्हीकडून: मारला म्हणूनही, आणि उठत नाही म्हणूनही.

मग कॉमिकच्या पन्नाशीचा ग्रंथ काढायचं ठरलं. जाडजूड, प्रत्येक चित्रकाराचं एक प्रकरण. संपादकांनी तिला बोलावून घेतलं. माणूस सभ्य, आवाज मऊ. त्यांनी ते पान टेबलावर ठेवलं आणि बोट न लावता वरूनच दाखवलं.

"मॅडम, दोनच गोष्टी. तोंड मिटायचं, आणि मोजा झाकायचा. जमलं तर हात छातीवर घ्या. पांढऱ्या रंगाने अर्ध्या तासाचं काम आहे तुमचं. ग्रंथाच्या शेवटी चमक त्याला उठवतोय, नवी गोष्ट आहे. वाचकांना इथे थोडी आशा दिसायला हवी."

"मग चमकलाच सांगा ना मिटायला."

संपादक ओशाळले. थोरल्यांनी घालून दिलेला नियम त्यांनाही मोडता येत नव्हता: एकाच्या पानावर दुसऱ्याने पांढरा रंग लावायचा नाही. पान आवडलं नाही तर काढून टाका, पण त्याला हात लावायचा तर ज्याचं त्यानेच.

"नाही लावणार," ती म्हणाली.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. बरण्यांचा निकाल तुम्हाला माहीत आहे. तुमचं प्रकरण घ्यायला नकोच, असं वरच्यांचं म्हणणं होतं. मी भांडून जागा ठेवलीय. पण हे पान असं असेल, तर सगळं प्रकरण जाईल. तुमची सगळी वर्षं."

"जाऊ दे," ती म्हणाली. एवढं बोलून ती जिना उतरली. तिच्या आयुष्याची कमाई म्हणजे तीच पानं. दुसरं काही नव्हतं.

घरी ताईने ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "कर की. त्यात बाबा आहेत हे तुला आणि मला माहीत. लोकांना कुठे ठाऊक आहे? मीट ते तोंड आणि ये पुस्तकात. बाबांनाही आनंदच झाला असता."

"बाबांचं तोंड तू मिटायला गेली होतीस, ताई. मिटलं?"

ताईने सुरी खाली ठेवली. "नाही," मग म्हणाली. "नकोच करूस."

त्या वर्षीच्या मेळाव्यात संपादकांनी एक शेवटचा प्रयत्न केला. मंचावर मोठा कागद लावून चित्रकाराने सगळ्यांसमोर चित्र काढायचं, हा तिथला आवडता कार्यक्रम. त्यांनी ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं की आज मॅडम स्वतः पहाडला डोळे उघडताना दाखवणार आहेत. तिला विचारलंही नव्हतं. भरल्या सभागृहात नाही कसं म्हणतील, असा त्यांचा होरा. टाळ्या कडाडल्या. इतक्या वर्षांत तिच्या नावावर वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

ती मंचावर गेली. जाड ब्रश घेतला आणि कागदाच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली. आधी पाय. लोक माना उंचावून बघत होते. मग अंगठा आला, अंगठ्याभोवती मोज्याचं भोक आलं, आणि सभागृहात हळूहळू कुजबुज सुरू झाली. हात आला तोवर कुजबुजीचा आरडाओरडा झाला होता. ती थांबली नाही. उघडं तोंड काढून झालं तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, "मारेकरीण!"

तिने ब्रश ठेवला आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"मारा असं लिहिलं दुसऱ्याने," ती म्हणाली. "मी काढलं. काढायचं तर खरं काढायचं. हा माणूस इतकी वर्षं तुमच्यापुढे उभा राहून मार खात होता. तेव्हा तुम्हाला तो खरा वाटत होता ना? मग त्याचं मरण तेवढं खोटं हवं? झोपल्यासारखा काढू? तुमच्या घरातलं कुणी गेलं तर असंच सांगाल का, की तोंड मिटा, मोजा झाका, नाहीतर आम्ही नाही रडणार? मी पांढरा रंग लावणार नाही. आज नाही, कधीच नाही."

एकानेही टाळी वाजवली नाही. तिची बरणी त्या दिवशीही रिकामीच राहिली, आणि ग्रंथ निघाला तो तिच्याशिवाय. थोरल्यांचं प्रकरण संपलं की लगेच चमकचं. मधली सगळी वर्षं गायब. तिने ग्रंथ विकत आणला, शेवटपर्यंत चाळला आणि कपाटात उभा ठेवला. ताईला म्हणाली, "कागद चांगला वापरलाय." त्या आठवड्यात ती टेबलाकडे फिरकली नाही. खिडकीत बसून राहायची, आणि ताईने काही विचारलं की अंगावर यायची.

पुढच्या मेळाव्याला तिचं टेबलही नव्हतं. मग तिने घरून घडीचं टेबल नेलं आणि सभागृहाच्या दारापाशी फुटपाथवर मांडलं. संपादक घाईघाईने बाहेर आले. "मॅडम, इथे बरं दिसत नाही."

"मग आत जा. दिसणार नाही."

ते गेले. तासभर कुणी आलं नाही. मग बस चालवणारी एक बाई, तशीच गणवेशात, काखेत तो जाडजूड ग्रंथ घेऊन समोर उभी राहिली. ग्रंथ मधोमध फुगला होता. तिने तो टेबलावर उघडला. थोरल्यांचं शेवटचं पान आणि चमकचं पहिलं पान यांच्या मध्ये, जुन्या अंकातून कात्रीने कापलेलं, पिवळं पडलेलं ते पान डिंकाने चिकटवलेलं होतं. कडा वाकड्या होत्या.

"मुलीला वाचून दाखवत होते," ड्रायव्हरबाई म्हणाली. "एका पानावर सात आणि पुढच्या पानावर सहा. ती विचारते, आई, पहाड कुठे गेला? आणि शेवटी हा उठतो म्हणे. अगं पण पडला कधी? काय सांगणार? जुना अंक काढला, त्यातलं हे पान कापलं आणि दाखवलं. खूप रडली. मग म्हणाली, चिकटव. इथे सही करा. बाजूला करा हं, त्याच्या पायावर नको."

मारेकरणीने पेनाचं टोपण काढलं. समोरचं पान तिला नीट दिसेना, म्हणून तिने आधी चष्मा काढून डोळे पुसले, उघडपणे, लपवाछपवी न करता. ड्रायव्हरबाईच्या मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. एकाच्या अंगात चमकच्या चित्राचा टी-शर्ट होता. सगळ्यांच्या हातात तोच ग्रंथ, आणि एकाचाही धड मिटत नव्हता.

तिने पायापासून लांब, कोपऱ्यात सही केली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ड्रायव्हरबाई ग्रंथ उचलत म्हणाली.

"करूच नका," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली.