निर्भीड पत्रकाराची शाल

नाशिकमधल्या एका न्यूज पोर्टलसाठी मी बातम्या लिहितो. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या, म्हणजे सगळ्यांच्या लाडक्या भाऊंच्या, नव्या इमारतींचं सांडपाणी सरळ गोदावरीत सोडलं जातं, ही बातमी मी फोटोंसकट दिली. सकाळी टाकलेली बातमी दुपारच्या जेवणापर्यंत गायब! लिंक उघडली की 'पान सापडले नाही' एवढंच यायचं.

छापलेली बातमी निदान रद्दीत तरी सापडायची, भेळेच्या पुडीवर तरी वाचता यायची. इथे मात्र अशी बातमी होती, हेच मी लोकांना पटवत बसलो. शेजारचे काका तर म्हणाले, "अहो, खोटी असणार, म्हणूनच काढली ना!" त्यांच्याशी मी आठवडाभर बोललो नाही.

पुढे पत्रकार दिनाला माझा सत्कार ठरला. शाल-श्रीफळ द्यायला भाऊंनाच बोलावलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते माइकवर म्हणाले, "यांनी माझ्याविरुद्धसुद्धा लिहिलंय. पण मी यांना कधी साधा फोनही केला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, कारण माणूस अगदी खरं बोलत होता. मला फोन आलाच नव्हता. तो आमच्या मालकांना गेला होता.

संध्याकाळी पोर्टलवर आमचा दोघांचा फोटो झळकला, वर मथळा: 'निर्भीड पत्रकाराचा गौरव'.

ती लिंक आजही व्यवस्थित उघडते.