आनीच्या नावानं एक प्याला

माझे धाकटे दीर हामाझास्प यांना आख्खं गाव मानायचं. मी नाही. लग्न असो, बारसं असो, मयत असो, टेबलाच्या टोकाला हातात प्याला घेऊन उभे राहायचे ते हेच. तिसरा प्याला ठरलेला, आनीच्या नावानं. आनी म्हणजे आमचं जुनं शहर, नदीपलीकडे तुर्कांच्या हद्दीत ओस पडलंय. मोडकी चर्चं, तटाचे बुरूज, सगळं दारातून दिसतं. पण मधे काटेरी तारा आणि बंदूकवाले शिपाई. भाऊजी तिकडे हात करून ‘आमची माय, आमची आनी’ म्हणायचे, आणि बरोबर त्या शब्दाला डोळ्यांत पाणी. पाहुणे हुंदके द्यायचे. मी रस्सा वाढता वाढता मनात म्हणायचे, आटपा की आता, निवतंय सगळं.

आणि दिवसा हा गृहस्थ काय करायचा? अलीकडच्या काठावरच्या खाणीत सुरुंग लावायचा. राजधानीत नवं मोठं चर्च बांधत होते, त्यांना हुबेहूब आनीच्या रंगाचा दगड हवा होता, आणि तो होता आमच्या काठाला. म्हणजे जुन्याच्या नावानं नवं बांधायचं आणि त्यापायी जुनंच हादरवायचं. ओठात एक, पोटात एक म्हणतात ना? इथे तर दोन्ही चव्हाट्यावर होतं, तरी कुणाला दिसत नव्हतं.

दिसत होतं एकट्या सासूबाईंना. पलीकडच्या कड्याच्या अगदी टोकाला, आनीच्या तटाला लागून एक एवढंसं चर्च होतं. त्याची एक कमान आणि एक भिंत तेवढी शिल्लक. सासूबाईंचा बाप्तिस्मा तिथला. सात वर्षांच्या असताना आईचा हात धरून नदी ओलांडून आल्या, त्या परत जाऊ शकल्या नाहीत. आता पंच्याऐंशीच्या होत्या, आणि रोज मागच्या अंगणात बसून ती कमान बघायच्या. प्रत्येक सुरुंगानंतर तिथून धूळ उडते, एखादा दगड सुटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लेकाला सांगितलं. तो हसला, म्हणाला, भूकंपानं खिळखिळी झालीय ती, माझा काय संबंध!

मग सासूबाईंनी तंदुरातून काढलेली लवाश रोटी त्याच्यापुढे ठेवली, तिच्यावर त्याचा हात दाबून धरला आणि मोठा सुरुंग लावणार नाही अशी शपथ त्याच्याकडून वदवून घेतली. रोटीची शपथ आमच्यात कुणी मोडत नाही. भाऊजींनी ती आठ दिवस पाळली.

नवव्या दिवशी राजधानीहून खाणीचा साहेब आला. दगड कमी पडतोय म्हणाला. भर दुपारी सुरुंगाचा भोंगा वाजला. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, सासूबाई शेजारीच बसलेल्या. जमीन अशी हादरली की माझ्या हातातला पिळा खाली पडला. पलीकडे कमान आधी मधोमध फाटली, मग खाली बसली, आणि तिच्यामागोमाग भिंत दरीत गेली. धूळ निवळली तेव्हा कड्यावर काहीच नव्हतं.

‘एवढंच होतं गं माझं,’ सासूबाई म्हणाल्या.

तासाभरात भाऊजी साहेबाला घेऊन जेवायला हजर! काय पडलं ते त्यांनीही पाहिलं होतंच. पण माणूस इतका कोडगा, की बसल्या बसल्या प्याला उचलला, आवाज घोगरा केला आणि म्हणाला, ‘बघा साहेब, शत्रूंनी आज आमचं आणखी एक चर्च पाडलं.’ त्या माणसाची मला किळस आली.

‘हामो, हात धुऊन ये,’ सासूबाई म्हणाल्या.

‘धुतलेत, आई.’

‘दगडाची पूड आहे अजून. परत धू.’

भाऊजींनी हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी साहेबच म्हणाला, आजी थकल्यात, आणि त्यानं आनीच्या नावानं आपला प्याला वर केला. मी आणि सासूबाई सोडून सगळ्यांनी उचलले. माझा नवरा त्याच खाणीत ट्रक चालवायचा. त्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. सासूबाईही माझ्याकडेच बघत होत्या.

मी प्यायले. ‘आनीसाठी’ असंही म्हणाले, साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.