काळी दोनच्या वेगाने

बाळ खांबेट्यांची गाडी पार्किंगमध्ये सुरू झाली की मधुमालती सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या कपबश्या थरथरत. गाडी तरी कसली! दोन माणसं जेमतेम मावतील एवढं फायबरचं खोकं, वर छप्पर नाही, बाजूला काचा नाहीत, पुढे बेडकासारखे दोन टपोरे दिवे आणि पोटात एका म्हाताऱ्या छोट्या मोटारीचं इंजिन. सांगाडा दक्षिणेतून सुट्या भागांत, खोक्यांत भरून आला होता. कोथरूडमधली माणसं निवृत्तीनंतर हास्यक्लबात जातात. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये जन्म काढलेले खांबेटे निवृत्तीनंतर गाडीखाली गेले आणि काही वर्षांनी ती पुरी करूनच बाहेर आले. पासिंगसाठी त्यांनी आरटीओत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई त्यांना खात्यातलेच समजू लागला होता.

आनंदीबाई त्या गाडीला ‘तुमचं ते’ म्हणत. ‘तुमचं ते’ खाली उभं असे आणि वर दिवाणखान्यात आनंदीबाईंची गाण्याची शिकवणी चाले. पेटीवरची काळी चार ही त्यांची पट्टी. सा तिथे ठेवून त्या गायला बसल्या की आवाज सरळ वर जाई, कुठे अडखळत नसे. खांबेट्यांना रागांची नावं कधी धड लक्षात राहिली नाहीत. पण काळी चारचा तंबोरा स्वयंपाकघरातून ऐकत त्यांनी उभा संसार केला होता. चहाचा कप ओट्यावर ठेवतानाही ते आवाज होऊ देत नसत.

मग आनंदीबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी ठरली, सगळ्यांनी देवाला नमस्कार केला. आवाज परत आला, पण वरचे स्वर आले नाहीत. बोलण्यात काही फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते आणि तो पडलाही नाही. आनंदीबाईंनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली, शिकवणीच्या मुलींना गुडघ्याचं कारण सांगितलं आणि शिकवणी बंद केली. घर शांत झालं. खांबेटे मात्र चहाचा कप अजूनही जपूनच ठेवत आणि मग त्यांच्या लक्षात येई की आत कुणी गात नाहीये. त्या वेळी त्यांना फार वाईट वाटे.

एकदा त्यांनी धीर करून विचारलं, “अगं, खालच्या पट्टीत गाऊन बघ की.”

“उद्या तुमचा पाय मोडला तर मी म्हणेन, रांगून बघा की,” आनंदीबाई म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या. खांबेट्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी त्यांनी बायकोला गाडीत बसवलं ते केवळ तिला घराबाहेर काढायचं म्हणून. बेंगळुरूला असलेल्या आमोदने, त्यांच्या मुलाने, एक स्पीकर पाठवला होता. तो दोघांच्या पायांमध्ये ठेवून खांबेट्यांनी एका जुन्या गायिकेचा सकाळचा राग लावला. चांदणी चौकाच्या सिग्नलला गाणं स्वच्छ ऐकू आलं. सिग्नल सुटला, गाडीने डरकाळी फोडली आणि गाणं गडप झालं.

“याला गाणं ऐकणं म्हणतात?” आनंदीबाई कानटोपी धरून ओरडल्या.

“अर्धं ऐकू येतं ना!” खांबेटेही ओरडले. “उरलेलं आपलं आपण घालायचं!”

“मग अर्धीच गाडी आणायची होती!”

पण भूगाव मागे पडलं आणि पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे वळल्यावर त्या ओरडायच्या थांबल्या. शेतांवर धुकं अंथरलं होतं आणि त्यातून नुसते झाडांचे शेंडे वर आले होते. वारा तोंडावर येत होता. इंजिन घुमत होतं आणि त्या घुमण्यातून मधूनच एखादी तान वर येई, चमके आणि पुन्हा बुडे. मधला भाग मनच भरून काढत होतं. गाणं स्पीकरमधून येतंय, धुक्यातून येतंय की कुठल्यातरी जुन्या सकाळी ऐकलेलं आठवतंय, हे खांबेट्यांना सांगता आलं नसतं. रस्ता चाकांखालून सरकत होता एवढंच, बाकी सगळं जागच्या जागी तरंगत असल्यासारखं वाटत होतं.

आणि त्यांना दिसलं की आनंदीबाईंची बोटं गुडघ्यावर ताल धरतायत. ओठ हलतायत. खांबेट्यांचा उजवा कान कारखान्यातल्या ठोक्यांनी कधीच निकामी केला होता, पण शेजारी बायको बसते तो डावा शाबूत होता. त्या डाव्या कानात इंजिनाच्या घुमण्याला लागून आणखी एक आवाज आला. जाडसर, खालचा, थोडा खरखरीत. आनंदीबाई गात होत्या. त्यांचं त्यांनाच ऐकू येत नव्हतं, म्हणून गात होत्या.

खांबेट्यांनी मान वळवली नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय होता तसाच ठेवला, कारण पाय हलला तर इंजिनाचा सूर हलेल आणि सूर हलला तर ती थांबेल, हे त्यांना कुणी न सांगता कळलं. मागून टेम्पोवाला हॉर्न बडवत आला, पुढे जाताना “काका, झोप लागली का?” असं विचारून गेला. खांबेटे पन्नासच्या जरासे अलीकडे, तिसऱ्या गियरमध्ये, मुठा गावापर्यंत तसेच गेले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. वाऱ्यावर ढकलायची सोय होती, ती त्यांनी वापरली.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई मंडईत गेलेल्या पाहून त्यांनी पेटी उघडली. इंजिनाचा तो सूर तोंडाने धरून ठेवत ते एका बोटाने पट्ट्या चाचपत गेले. काळी दोन. चांगलीच खाली. पेटी बंद करून त्यांनी वरचा रुमाल होता तसा घातला आणि बायकोला काही म्हणजे काही सांगितलं नाही.

त्यानंतर दर रविवारी ते निघू लागले. स्पीकर सोबत असे, पण तो नावापुरता. खांबेटे गाडी रस्त्याच्या वेगाने चालवत नसत, काळी दोनच्या वेगाने चालवत. चढ आला की गियर आणि पाय यांचा असा काही मेळ घालत की सूर ढळू नये. मागे गाड्यांची रांग लागे. लोक काय काय म्हणत ते इंजिनामुळे ऐकू येत नसे, हा आणखी एक फायदा.

इथवर सगळं ठीक होतं. पण माणसाला हाव सुटते, आणि त्यातून तो टूलरूमचा माणूस असेल तर जे चाललंय त्यात सुधारणा केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी हिंमतराव जिन्यात भेटले आणि म्हणाले, “खांबेटे, रविवारी गजर लावायचं आम्ही सोडून दिलंय. आभार मानायचे राहिले होते.” खांबेट्यांना हे निमित्त पुरलं. आवाज कमी झाला तर सोसायटीही सुखी आणि बायकोचं गाणंही नीट ऐकू येईल, असा त्यांनी हिशेब केला. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत बाबुरावांचं गॅरेज आहे. तिथे त्यांनी चांगला मोठा सायलेन्सर बसवून घेतला, दोन्ही बाजूंना काचाही लावल्या आणि खूश होऊन घरी आले.

त्या रविवारी गाडी मांजरासारखी बाहेर पडली. स्पीकरमधली गायिका शेजारी बसून गात असल्यासारखी स्पष्ट ऐकू येत होती, वरच्या ‘सा’पर्यंत. मुठा खोऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर आनंदीबाईंनी सवयीने सूर लावला. लावला आणि त्यांना तो ऐकू आला. त्यांचा हात गळ्याकडे गेला. त्यांनी वाकून स्पीकर बंद केला आणि बाहेर बघत बसल्या.

“थंडी वाजतेय. परत फिरू या,” त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्याही रविवारी दुखत होते. खांबेट्यांना आपण काय करून बसलो ते कळून चुकलं. इतकी वर्षं मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाने घरच्या माणसाच्या बाबतीत असा अडाणीपणा करावा! सोमवारी गॅरेज उघडायच्या आत ते बाबुरावांच्या दारात उभे राहिले.

“जुना पाइप आहे ना हो? भंगारात नाही ना दिलात?”

“आहे की,” बाबुराव म्हणाले. “पण काका, लोक गाडी गप करायला येतात माझ्याकडे. तुम्ही उलटे कसे?”

“मला ती बोलकीच बरी वाटते,” खांबेटे म्हणाले. काचाही त्यांनी तिथेच काढून ठेवल्या.

हिंमतरावांना मात्र त्यांनी शब्द दिला की गाडी आवारात सुरू होणार नाही. रविवारी सकाळी त्यांनी ती फाटकापर्यंत ढकलत न्यायला घेतली. आनंदीबाई हातात शाल घेऊन जिन्यात उभ्या होत्या. जुना पाइप त्यांनी पाहिला. पदर खोचून मागून हात लावला. वरून हिंमतराव हे बघत होते. ते चपला घालून खाली आले आणि म्हणाले, “सरका वहिनी. यापेक्षा तो आवाज परवडला.” तिघांनी मिळून गाडी मुख्य रस्त्यावर नेली.

पिरंगुट मागे पडलं. स्पीकर घरीच राहिला होता. खांबेट्यांनी काटा पन्नासच्या अलीकडे आणून ठेवला, इंजिनाने आपला सूर धरला आणि ते वाट बघत राहिले. ती गाणारच नाही, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. धुकं आज पातळ होतं, ऊन त्यातून गाळून येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे, पण कधीतरी त्यांच्या डाव्या कानाशी तो जाडसर आवाज हळूच येऊन बसला. मग मोकळा झाला. ओळखीची बंदिश होती. शिकवणीत मुलींना शिकवताना हजारदा ऐकलेली, आणि तरी कधी न ऐकल्यासारखी वाटत होती. काळी चारला ती नुसती चढत जायची. इथे ती पसरत होती, थांबत होती, खोऱ्यासारखी रुंद होत होती. खांबेटे ऐकता ऐकता गाडी चालवायचीच विसरले.

वळणावर म्हशी आडव्या आल्या. त्यांनी ब्रेक दाबला. ज्यांनी गाडीचा नट न् नट हाताने आवळला होता, ते क्लच दाबायला विसरले. गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

खोऱ्यात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत आनंदीबाईंचा आवाज एकटाच उरला. उघडा, खालचा, खरखरीत. आता ती स्वतःला ऐकेल आणि थांबेल, असं खांबेट्यांना वाटलं. किल्लीकडे गेलेला हात त्यांनी तसाच धरून ठेवला.

आवाज थरथरला. पण थांबला नाही. आनंदीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि ओळ पुरी केली, समेवर आल्या, पुन्हा उचलली. म्हशी रवंथ करत निघून गेल्या. गुराखी बाई रस्त्याच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली होती.

बंदिशीची स्थायी संपवून आनंदीबाईंनी डोळे उघडले. “काळी दोन आहे हो ही,” त्या म्हणाल्या. “इतके रविवार गाडी कुठल्या पट्टीत चालवताय, ते मला कळत नव्हतं असं वाटलं की काय तुम्हाला?”

खांबेटे गडबडले. “मग... काही बोलली कशी नाहीस?”

“काय बोलायचं? एकटीला खाली उतरायची लाज वाटत होती. तुमचं ते बरोबर उतरलं, म्हणून उतरले.” त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले. काहीतरी करायला हवं म्हणून खांबेट्यांनी किल्लीला हात घातला.

“थांबा जरा,” आनंदीबाई म्हणाल्या. “अंतरा राहिलाय अजून.”